घटकाभर

परवा दुपारची गोष्ट. जेवून ओसरीवर जरा लवंडलो होतो. डोळा लागतो न लागतो तोच आतल्या खोलीतून घंटा वाजली. फार मोठी नाही, देवघरातली असते तेवढी. पण छत्तीस वर्षं शाळेत काढलेला माणूस मी, घंटा ऐकली की हात आपोआप खडू शोधतो. उठून बघतो तर नातू खोलीबाहेर आला, अंगणात दोन चकरा मारल्या, माठातलं पाणी प्याला आणि पुन्हा आत जाऊन बसला. थोड्या वेळानं पुन्हा घंटा. पुन्हा अंगण, पुन्हा माठ.

न राहवून विचारलं, "काय रे, घरात शाळा भरवलीस का?"

"शाळाच समजा आबा. पोमोडोरो लावलाय."

हा नातू पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. सध्या चार दिवस वडवणीला आलाय. दोन वेळा थोडक्यात गेलं, त्यामुळे घरात त्या विषयावर कुणी फार बोलत नाही. मी मात्र मास्तर, मला विचारल्याशिवाय राहवत नाही. त्यानं मग नीट समजावून सांगितलं. पंचवीस मिनिटं फक्त अभ्यास. उठायचं नाही, फोनला हात लावायचा नाही. घंटा झाली की पाच मिनिटं सुट्टी. असे चार झाले की पंधरावीस मिनिटांची मोठी सुट्टी. फोनमध्ये त्याची ॲपं असतात. एका ॲपमध्ये तर आपण बसलो की एक झाड वाढायला लागतं आणि मध्येच फोन चाळायला गेलो की ते वाळतं!

पोमोडोरो म्हणजे इटालियन भाषेत टोमॅटो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो नावाचा एक कॉलेजातला मुलगा अभ्यासात लक्ष लागेना म्हणून हैराण झाला होता. त्यानं स्वतःशीच पैज लावली, दहा मिनिटं तरी खरा अभ्यास करून दाखव. वेळ मोजायला स्वयंपाकघरातलं पिळून लावायचं घड्याळ घेतलं. ते टोमॅटोच्या आकाराचं होतं, म्हणून पद्धतीचं नावही टोमॅटो पडलं. पुढे करून बघता बघता पंचवीस मिनिटं ठरली.

पंचवीस मिनिटं ऐकली आणि माझ्या डोक्यातलं जुनं गणित जागं झालं. दिवसरात्र मिळून मिनिटं १४४०. आपल्या जुन्या मोजणीत दिवसरात्रीच्या घटका ६०. भागून बघा. एक घटका बरोबर २४ मिनिटांची. अडीच घटकांचा एक तास. म्हणजे माझा नातू आतल्या खोलीत बसून घटका मोजत होता, फक्त त्याला ते ठाऊक नव्हतं.

आता कृपा करून कुणी लगेच "हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतंच" असं म्हणू नका. त्या इटालियन मुलाला आपली घटका ठाऊक असायचं काही कारण नाही. आणि आपल्या लोकांनीही घटका अभ्यासाचे तुकडे पाडण्यासाठी केली नव्हती. दिवसाचे साठ भाग केले आणि त्यातला एक भाग चोवीस मिनिटांचा निघाला. योगायोगच तो. पण त्या योगायोगानं मी दोन रात्री विचार करत पडलो, त्यातलं थोडं तुम्हाला सांगतो.

लहानपणी मी घटिकापात्र चालताना पाहिलं आहे. आमच्या चुलत आजोबांकडे गावचं जोशीपण होतं. लग्नाच्या दिवशी ते एका घंगाळात पाणी घेत आणि त्यावर तांब्याची एक पातळ वाटी अलगद सोडत. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं छिद्र. त्यातून पाणी थेंबाथेंबानं आत चढायचं आणि वाटी भरली की गपकन बुडायची. एक घटका झाली. आम्ही पोरं घंगाळाभोवती श्वास रोखून बसायचो, कारण ती नेमकी कधी बुडते हे बघायची मोठी मौज. "घटका भरली" हा वाक्प्रचार तिथून आला, हे मला बीएला असताना कळलं. तोवर वाटायचं, घटका भरते म्हणजे माणूस मरतो, एवढाच त्याचा अर्थ.

बाबरानं आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या या पद्धतीचं वर्णन करून ठेवलं आहे. मोठ्या गावांत वाटी बुडाली की जाड पितळी थाळीवर टोल द्यायला माणसं नेमलेली असत, घडियाली म्हणत त्यांना. त्यानं एक दुरुस्तीही केली. रात्री जाग आलेल्या माणसाला टोल ऐकून घटका कळायच्या, पण प्रहर कितवा ते कळायचं नाही. म्हणून घटकांच्या टोलांनंतर प्रहराचेही टोल द्या, असा हुकूम त्यानं काढला. राज्य जिंकायला आलेला माणूस झोपमोड झालेल्यांचाही विचार करतो, याची मला गंमत वाटते.

लीलावतीची गोष्ट तर तुम्हाला माहीत असेलच. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ग्रंथाला मुलीचं नाव दिलं, कारण तिच्या लग्नाच्या वेळी दागिन्यातला मोती घटिकापात्रात पडून छिद्र बुजलं, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळला. ही कथा आपल्याला मिळते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. तेव्हा दंतकथाच म्हणायची. पण तिच्यात एक खरी गोष्ट आहे. वेळ मोजणाऱ्या यंत्राकडे टक लावून बसलं की तेच यंत्र बिघडायची भीती! नातवाला म्हटलं, ते झाड किती वाढलं हे सारखं बघत जाऊ नकोस.

शब्दांत किती वेळ साठून राहिलेला असतो बघा. दिवसरात्रीचे प्रहर आठ, म्हणजे तीन तासांचा एक. दोन प्रहर झाले की दुपार. प्रहरावरूनच पहारा. आणि आमच्या बीड जिल्ह्यात पहारा म्हटलं की पोलीस आठवत नाहीत, आठवतो तो सप्ताह. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. मग गावातली माणसं पाळीपाळीनं पहारा घेतात. मंडपात फळ्यावर नावं लिहिलेली असतात, कुणाची पाळी किती ते किती. आपली वेळ झाली की माणूस हातपाय धुऊन येतो, आधीच्याला नमस्कार करतो, वीणा गळ्यात घेतो. त्या वेळात दुसरं काही नाही. चहा नाही, गप्पा नाहीत, शेतातल्या मोटारीची काळजी नाही. पाळी संपली की वीणा पुढच्याच्या गळ्यात.

मीही तरुणपणी पहाटे दोन ते चारचा पहारा कितीतरी वेळा केला आहे. पहिली दहा मिनिटं मन सगळ्या गावभर हिंडून येतं. मग कंटाळतं आणि येऊन बसतं. आणि नेमकं ते बसल्यावर पुढचा माणूस आलेला असतो! नातवाला हे सांगितलं तर म्हणाला, "अगदी असंच होतं आबा."

आता तासाकडे येऊ. तास म्हणजे साठ मिनिटं हे सगळ्यांना ठाऊक. पण टोल द्यायच्या धातूच्या थाळीलाही जुन्या मराठीत तास म्हणत. शेतकऱ्याच्या भाषेत नांगरानं पाडलेली ओळ म्हणजे तास. आणि शाळेत गणिताचा तास, मराठीचा तास. तो तर कधीच साठ मिनिटांचा नव्हता, पस्तीस-चाळीस मिनिटांचा. मला नांगराचा तास सगळ्यांत आवडतो. बांधापासून बांधापर्यंत एक सरळ ओळ, मग बैल वळतात, शेतकरी क्षणभर थांबतो, आणि दुसरा तास सुरू. थांबणं त्या कामातच शिवलेलं असतं.

पण सगळ्या कामांत असं थांबणं मिळत नाही. मुंबईच्या गिरण्यांत ते भांडून मिळवावं लागलं. आज ज्या सुट्टीला आपण हक्क समजतो, तिच्यामागे नारायण मेघाजी लोखंडे या माणसाचे कष्ट आहेत. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः लहान मुलांपुरता होता, मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांना त्यात मर्यादाच नव्हती. सूर्य उगवला की गिरणी सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. १८८४ साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. दुपारचा अर्धा तास! सव्वा घटका फक्त. तेवढ्यासाठी हजारो माणसांना सह्या आणि अंगठे द्यावे लागले. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला, आणि दुपारचा अर्धा तास कायद्यात आला तो १८९१ साली.

घड्याळ कुणाचं, यावरही वाद झाले. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी एक प्रमाण वेळ ठरली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. आमचा सूर्य आमच्याच वेळेला उगवतो, असं म्हणत मुंबईकरांनी विरोध केला, गिरणी कामगारही चिडले, आणि मुंबई महानगरपालिकेनं आपली जुनी वेळ पुढे १९५५ पर्यंत सोडली नाही. ३९ मिनिटांत काय एवढं, असं आपल्याला वाटतं. पण अंधारात उठून कामाला जाणाऱ्याला विचारा.

इथपर्यंत लिहिलं आणि दोन दिवस पुढे लिहिणं झालं नाही. कारण पुढचं माझ्याबद्दल आहे.

नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारांतून साठवून मी एचएमटीचं घड्याळ घेतलं. किल्लीचं होतं. त्या काळी मास्तराच्या मनगटावर घड्याळ म्हणजे मोठी गोष्ट. मी त्या शाळेत वेळेचा मास्तर झालो. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. (बीडला रेल्वे पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला, रुळाचा तुकडा मात्र आमच्या शाळेत पन्नास वर्षं आधीच येऊन लटकला होता!) शिपाई माझ्या घड्याळाकडे बघून टोल द्यायचा. परिपाठाला उशिरा येईल तो पहिला तास बाहेर उभा, हा नियम माझा. मला त्याचा अभिमान होता.

सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. अक्षर सुंदर, इतिहासात हुशार. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस उशीर ठरलेला. मी त्याला बाहेर उभा करायचो. तो खिडकीच्या गजाशी उभा राहून तास ऐकायचा. कधी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उशिराला कारण नसतं, असं मी वर्गात म्हणायचो.

थंडीच्या दिवसांत एकदा त्याच्या वस्तीवर जायची वेळ आली. घरी म्हातारी आजी एकटी. आईवडील ऊसतोडीला गेलेले, दिवाळीनंतर जातात ते उन्हाळ्यात परततात. म्हातारीला दिसायचं कमी. मी विचारलं, "आज्जी, पोराला वेळेवर का धाडत नाही?" तर ती म्हणाली, "धाडते की मास्तर. सकाळची यष्टी फाट्यावर वाजली की लगीच काढते घराबाहेर."

घरात घड्याळ नव्हतं. एसटीचा हॉर्न हेच त्यांचं घड्याळ. एसटी वेळेवर आली की पोरगं वेळेवर, एसटीला उशीर झाला की पोराला उशीर. आणि त्या उशिराची शिक्षा मी त्याला देत होतो, मनगटावरच्या घड्याळाकडे बघून.

दुसऱ्या दिवसापासून त्याला बाहेर उभं केलं नाही. पण 'बाळ, माझं चुकलं' एवढं मी त्याला म्हणालो नाही. मास्तर चुकत नाही, अशी समजूत होती तेव्हा. पुढच्या वर्षी आजी गेली आणि दिवाळीनंतर तोही आईवडिलांबरोबर फडावर गेला. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी गैरहजर, गैरहजर लिहीत गेलो, आणि मग नाव कमी झालं.

ऊसतोडीत वेळ कशी मोजतात, हे मी नंतर आमच्याच लोकांकडून ऐकलं. तिथं मोजतात ते टनावर. नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. पहाटे अंधारात फडात उतरायचं, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एक दिवस पडून राहिलं तर तो खाडा, त्याचे पैसे कापले जातात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला, शासनानं समिती नेमली. खाडा पडेल ही भीती हेही त्यातलं एक कारण म्हणून पुढे आलं. लोखंड्यांनी अर्ध्या तासासाठी सह्या गोळा केल्या त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं होऊन गेली होती. आमच्या बायकांना पाळीच्या दिवसांतही विसाव्याची घंटा नव्हती.

म्हणून नातवाची ती घंटा ऐकली तेव्हा आधी हसू आलं, आणि रात्री मात्र झोप आली नाही. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विसावा, हे ऐकायला किती सोपं. पण घंटा स्वतःच्या हातात असेल तरच ते सोपं. जोशीबुवांच्या घंगाळापाशी ती मुहूर्ताची होती, गिरणीत मालकाची होती, माझ्या शाळेत माझी होती, फडात कुणाचीच नाही. नातवाच्या पिढीतल्या काही मुलांच्या हाती ती प्रथमच आली आहे. स्वतः लावायची, स्वतः पाळायची, झाली की स्वतः उठायचं.

हे त्याला असंच सांगितलं. भाषण झालं थोडं, सवय जात नाही. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आबा, पण मी सुट्टी पाळत नाही कधीकधी. पाच मिनिटं वाया जातात असं वाटतं. दोन वेळा गेलंय ना माझं."

मी म्हटलं, "बैल वळताना थांबतात, ते काय वाया जातं?"

तो काही बोलला नाही. पण संध्याकाळी घंटा झाली तेव्हा अंगणात आला आणि माझ्याशेजारी बाजेवर बसला. पाच मिनिटं आम्ही दोघं काहीच बोललो नाही. बरं वाटलं.

हा लेख मीही त्याच्या फोनवर घंटा लावून लिहिला. एकूण नऊ घटका लागल्या. त्यातल्या दोन नुसत्या खिडकीबाहेर बघण्यात गेल्या, आणि त्या मुलाबद्दल लिहायला बसलो ती घटका सगळ्यांत लांब वाटली. तो आता साठीच्या आसपास असेल. कुठे असेल कोण जाणे.

जाता जाता भाऊबंदांना एक विनंती. चुलत आजोबांचं ते तांब्याचं घटिकापात्र वाटण्यांच्या वेळी कुणाच्या तरी भांड्यांत गेलं असणार. वाटी म्हणून वापरायला गेलात तर गळते, म्हणून माळ्यावर टाकली असेल. कुणाला सापडली तर कळवा. मागत नाही. फक्त एकदा पाण्यावर सोडून नातवाला दाखवायची आहे.